दादांनी दिलेलं उत्तर

खिडकीपलीकडच्या नर्सबाईंनी आठ प्रश्न विचारले. सात प्रश्नांची उत्तरं दादांनी धाकटीला विचारून दिली. आठव्याचं मात्र त्यांनी आपल्याच मनानं ठोकून दिलं.

पहिले सात प्रश्न सोपे होते. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, ताप, उलटी, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधी कधी ऑपरेशन, रोजची काही गोळी. नर्सबाई तिथल्या भाषेत विचारायच्या, दादा मान वळवून मराठीत विचारायचे, धाकटी पोट धरून दोन शब्दांत सांगायची आणि दादा त्या दोन शब्दांची चार वाक्यं करून नर्सबाईंना ऐकवायचे. खोटं कशाला बोला, दादांना हे काम आवडायचं. या देशात येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. आपल्याकडून नवीन आलेल्या कुणाचंही बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत काही अडलं की दादा सोबत जायचे आणि फाडफाड बोलून काम करून द्यायचे. फोनवर दुभाषा मिळतो, लावू का, असं नर्सबाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं. दादांनी हात झटकला होता. मी आहे ना, म्हणाले होते.

मग आठवा प्रश्न आला. शेवटची पाळी कधी आली, आणि बाई गरोदर असण्याची शक्यता आहे का?

आता धाकटी म्हणजे कोण, तर दादांच्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण इथं यायचे तिचे कागद व्हायला इतका वेळ लागला की चार महिन्यांपूर्वी कुठं तिचा संसार सुरू झाला. संसार तरी कसला, दादांच्याच तीन खोल्यांमधली एक खोली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठ-आठ दिवस घराबाहेर. घरात मग दादा, दादांची बायको म्हणजे थोरली, आणि ही. दादा खोलीत आले की धाकटी उठून उभी राहायची. दादांशी काही बोलायचं असेल तर थोरलीमार्फत बोलायची, आणि दादाही तिच्याशी थोरलीमार्फतच बोलायचे. यात राग-रुसवा काही नव्हता. दोघांनाही तेच बरं वाटायचं, एवढंच.

अशा बाईला हा प्रश्न विचारायचा कसा? बायका आपापसात ही गोष्ट दहा तऱ्हांनी बोलतात, पण मोठ्या दिराच्या तोंडी शोभेल असा त्यातला एकही शब्द दादांना सापडेना. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मागं रांग होती. धाकटी खाली मान घालून बसली होती.

"नाही," दादा नर्सबाईंना म्हणाले. "तसं काही नाही."

नर्सबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पाळी कधी आली, त्यांनी परत विचारलं. एक खोटं बोललं की दुसरं आपसूक येतं. मागच्या आठवड्यात, दादांनी सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली की हिचा नवरा बाहेरगावीच असतो. नर्सबाईंनी धाकटीकडे एकदा पाहिलं, ती काही बोलली नाही, तेव्हा त्यांनी बटणं दाबली आणि धाकटीच्या मनगटावर हिरवी कागदी पट्टी चिकटवली. सोबत झाकणाचं एक प्लास्टिकचं भांडं दिलं, लघवी झाली की आणून द्या म्हणाल्या. ते भांडंही दादांनी तोंड फिरवून धाकटीच्या हातात दिलं. "तपासायला," एवढंच म्हणाले. ती भिंतीला धरत बाथरूमपर्यंत गेली आणि रिकाम्या भांड्यानिशी परत आली. भांडं तिनं पिशवीत टाकलं. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि दादांनी विचारलं नाही.

अकरा वाजले होते.

खुर्च्या लोखंडी, एकमेकींना जोडून जमिनीत ठोकलेल्या. समोर पडद्यावर नंबर. लाल पट्टीवाले थेट आत जात, पिवळ्यांचा नंबर अधूनमधून लागे, आणि हिरव्यांचा आकडा जागचा हलायचं नाव घेत नव्हता. दादांच्या डावीकडे अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला एक गवंडी पेंगत होता. त्याचीही पट्टी हिरवीच होती.

हे हॉस्पिटल दादांना परकं नव्हतं. या इमारतीतल्या सहाच्या सहा लिफ्ट त्यांच्या हातच्या. दर महिन्याला येऊन ते तपासणी करायचे, रजिस्टरमधल्या बत्तीस रकान्यांत खुणा करायचे आणि खाली सही ठोकायचे. येताना गाडीत त्यांनी धाकटीला ऐटीत सांगितलंही होतं, घाबरू नको, माझंच हॉस्पिटल आहे. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची ओळख तळघरातल्या इलेक्ट्रिशियनपलीकडे जात नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. आणि इथं ओळख चालत नाही, याचं तर दादांना केवढं कौतुक. फोनवर मेहुण्यांना ते नेहमी सुनवायचे, आमच्याकडे मंत्र्याचा मुलगा असो नाहीतर झाडूवाला, दुखणं बघून नंबर लागतो.

दुखणं बघून. आता ते दुखणं सांगितलं होतं कुणी?

दादांनी थोरलीला फोन लावला. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. कामाच्या वेळात मोबाइल कपाटात, दोन वाजेपर्यंत हाताला लागायचा नाही. तरी दादांनी तीनदा लावला. ती घरी असती तर प्रश्नच नव्हता. तिनं विचारलं असतं, तिनं सांगितलं असतं, दादा आपले गाडी लावून बाहेर उभे राहिले असते.

साडेबाराला धाकटी आपणहून बोलली. चार महिन्यांत असं कधी झालं नव्हतं.

"दादा, खांदा दुखतोय."

"अवघडला असेल. खुर्च्याच तशा आहेत."

"नाही. आतून दुखतोय."

दादांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ओठांचा रंग उडाला होता. कपाळावर घाम होता आणि हॉलमध्ये तर गारवा होता. दादा उठले, खिडकीपर्यंत गेले. रांगेत चार माणसं होती. चौथ्याच्या मागं दादा उभे राहिले आणि काय बोलायचं ते मनात जुळवू लागले. मघाशी मी सांगितलं ते मी तिला विचारलं नव्हतं. एवढंच वाक्य. पण ते म्हटलं की नर्सबाई विचारणार, मग सांगितलं कशाला? पाळीची तारीखसुद्धा सांगितलीत, ती कुठून आणली? एकोणीस वर्षांत जमवलेली सगळी फाडफाड भाषा त्या एका उत्तराला पुरेना. इथले लोक म्हणणार, बघा, ही माणसं आपल्या बायकांना बोलूसुद्धा देत नाहीत. आणि समजा तसं काही नसलंच, नुसताच पोटात वात धरला असला, तर फुकटची शोभा. दादांच्या पुढं दोन माणसं उरली होती तेव्हा ते रांगेतून बाहेर पडले आणि येऊन खुर्चीवर बसले. सांगायला लाज वाटते, पण बसल्यावर त्यांना क्षणभर बरं वाटलं.

गेल्याच महिन्यात त्यांनी एका नव्या मेकॅनिकला झाप झाप झापलं होतं. पोरानं झाकण न उघडताच ब्रेकच्या रकान्यात खूण केली होती. माणसं बसतात त्या डब्यात, दादा त्याला म्हणाले होते, न बघता खूण करणारा माणूस मला नको. आता हिरव्या पट्टीकडे बघताना ते आठवलं आणि त्यांना आपल्याच बोलण्याची शिसारी आली.

पावणेदोन झाले. गवंड्याचा नंबर लागला. जाताना त्यानं धाकटीकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या, जणू म्हणत होता, हिला आधी न्या की. दादांनी नजर वळवली. धाकटी आता बसत नव्हती, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कलली होती. पाणी हवं का विचारलं तर तिनं मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी तेही कळेना.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

दादांनी घाईघाईत सगळं सांगितलं. सकाळी तू गेल्यावर पोटात कळ आली, हॉस्पिटलात आणलंय, तीन तास बसलोय, आता खांदा दुखतोय म्हणते. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग तो बंद झाला, थोरली बाहेर आली असावी.

"त्यांनी विचारलं का हो, दिवस गेलेत का म्हणून?"

दादांनी धाकटीकडे पाहिलं.

"अहो, पाळी चुकलीय तिची. मला गेल्या आठवड्यात म्हणाली. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून मी तुम्हाला बोलले नाही. विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

दादांनी फोन बंद केला. बायकोवर चिडून कधी फोन आपटणारा माणूस नव्हता तो, पण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जागा फोन नव्हती. ते उठले. खिडकीपुढं सहाजण होते. एकोणीस वर्षं ज्यांनी एकदाही रांग मोडली नव्हती ते दादा सहाजणांना बाजूला सारून काचेपाशी गेले. मागून कुणीतरी हटकलं. खिडकीत आता नर्सबाई नव्हत्या, एक तरुण कारकून होता. त्यानं शांतपणे सांगितलं की रांगेत उभे राहा.

"मी खोटं सांगितलं," दादा म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, पाठचा सगळा हॉल वळून बघू लागला. "ती गरोदर आहे. मला तुमच्या बाईंनी विचारलं आणि मी तिला न विचारता नाही म्हणालो. तिच्या पोटात दुखतंय, आता खांद्यात दुखतंय. ती तिकडं पडलीय."

कारकून नंबर विचारायला तोंड उघडतो तोच बाजूच्या दारातून सकाळच्या नर्सबाई बाहेर आल्या. दादांकडे त्यांनी पाहिलंही नाही. तडक धाकटीपाशी गेल्या, गुडघ्यावर बसल्या, नाडी धरली, आणि मान न वळवता दादांना म्हणाल्या, तिला विचारा किती आठवडे झाले.

आणि दादांनी विचारलं. "धाकटे, दिवस जाऊन किती आठवडे झाले तुला?" तीन तास जे शब्द सापडत नव्हते ते असे समोर पडले होते. त्यात काहीच अवघड नव्हतं.

"सात आठवडे," धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे मिटले.

मग सगळं एकदम पळायला लागलं. स्ट्रेचर आलं, दोघं वॉर्डबॉय आले, हिरवी पट्टी कात्रीनं कापून लाल बांधली गेली. तीन नंबरची लिफ्ट. दादा स्ट्रेचरच्या पायथ्याशी उभे. या लिफ्टचं दार फार लवकर मिटतं, स्ट्रेचरला लागतं, अशी तक्रार आली होती आणि दादांनीच ते नऊ सेकंद उघडं राहील असं करून ठेवलं होतं. ते नऊ सेकंद दादा मोजत राहिले. चार, पाच, सहा. धाकटीची बोटं पांढरीफटक पडली होती. दार मिटलं.

वर डॉक्टरबाई तयारच होत्या. दादा सवयीनं पुढं झाले तर त्यांनी हातानंच थांबवलं. तुम्ही बाहेर थांबा, आम्ही दुभाषा लावलाय. पडदा ओढला गेला. पलीकडे फोनच्या स्पीकरमधून कुणा अनोळखी बाईचा मराठी आवाज आला, अगदी घरगुती. "ताई, घाबरू नका हं. शेवटची पाळी कधी आली होती तुमची?" एका दमात विचारलं तिनं. धाकटीनं तारीख सांगितली. सोनोग्राफी झाली, मग तो आवाज सांगू लागला की गर्भ पिशवीत नाही, नळीत राहिलाय, नळी फुटलीय, पोटात रक्तस्राव होतोय, खांदाही त्यानंच दुखतोय, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला हवं. समजलं का ताई? काही विचारायचंय का?

धाकटीनं एकच विचारलं. बाळ राहील का?

स्पीकरमधल्या बाईनं ते डॉक्टरबाईंना विचारलं. "नाही हो ताई," ती म्हणाली. "ते नाही राहायचं."

दादा पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभे होते.

साडेतीनला थोरली आली, अंगावर कामावरचा एप्रन तसाच. तिनं दादांना एक प्रश्न विचारला नाही. धाकट्याला फोन तिनंच केला, कळवलं तिनंच, आणि बाकावर येऊन बसली ती दादांपासून दोन जागा सोडून. पाचला डॉक्टरबाई बाहेर आल्या. जीव वाचला. एका बाजूची नळी काढावी लागली. दीड-दोन लिटर रक्त पोटात साठलं होतं. आणखी अर्धा तास गेला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते, म्हणाल्या. थोरलीनं त्यांचे हात धरले. मग दादांकडे न बघता ती म्हणाली, "तुम्हाला फक्त विचारायचं होतं." दादा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दादा वॉर्डात गेले. सहा खाटांची खोली, धाकटीची खिडकीजवळ. थोरली तिचे केस विंचरून देऊन खाली चहा घ्यायला गेली होती. दादांनी स्टूल ओढलं, पण बसले नाहीत. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. पाठ केल्यासारखं ते बोलले.

"धाकटे, त्या बाईंनी काल पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं होतं. तुला दिवस गेलेत का म्हणून. मी तुला न विचारता नाही म्हणून सांगितलं."

"माहितीये, दादा."

"थोरलीनं सांगितलं?"

"नाही. तेव्हाच कळलं होतं मला. भाषेच्या क्लासला पहिल्याच महिन्यात दवाखान्याचा धडा असतो."

दादांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात ना," धाकटी म्हणाली. यात टोमणा नव्हता, तेच दादांना सोसवेना. "तुम्ही नाही म्हणालात. त्या बाईंसमोर मी हो कसं म्हणणार होते? मला वाटलं, आत डॉक्टर भेटतील तेव्हा सांगू. नंबर लागेल ना थोड्या वेळात."

दादा आता खाली बसले. मग ते म्हणाले, धाकटा आला की मी त्याला सगळं सांगतो, जसं झालं तसं.

"यांना सांगू नका."

"का?"

"तुम्हाला ते काही बोलायचे नाहीत, दादा. वडिलांच्या जागी मानतात तुम्हाला. घरी गेल्यावर मलाच विचारतील, तुला कळत होतं तर तू का गप्प बसलीस. आणि पुढं जन्मभर विचारतील." तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढली. "सात वर्षांनी राहिलं होतं."

दादांनी मान हलवली, म्हणजे नक्की काय कबूल केलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अकराच्या सुमाराला धाकटा आला. ट्रक कुठल्याशा डेपोत सोडून, मिळेल त्या बसनं, दाढी वाढलेली, अंगातलं जाकीट दोन दिवसांचं. आधी बायकोपाशी गेला, तिच्या कपाळावर हात ठेवून नुसता उभा राहिला. ती रडली, तोही रडला. थोरली चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. मग धाकट्यानं वळून दादांना मिठी मारली, लहानपणी मारायचा तशी, घट्ट.

"दादा, तू होतास म्हणून ही वाचली. दुसऱ्या कुणाला काही सुधरलंच नसतं तिथं."

त्याच्या खांद्यावरून दादांना धाकटीचा चेहरा दिसत होता. ती दादांकडेच बघत होती आणि अगदी बारीक मान हलवत होती. नको. गप्प बसणं फार सोपं होतं. भावाची मिठी होती, भावजयीची परवानगी होती, बायकोही उघड करणार नव्हती. सगळ्यांनी मिळून दादांची अब्रू झाकायचं ठरवलं होतं आणि तिची किंमत त्या खाटेवरची बाई एकटी भरणार होती. कुणी विचारो न विचारो, मनातल्या मनात तरी भरणारच होती.

दादांनी भावाचे हात सोडवले.

"मी होतो म्हणूनच उशीर झाला," ते म्हणाले. "हिला दिवस गेलेत का, हे आल्या आल्या मला विचारलं होतं. मी हिला विचारलं नाही. मला लाज वाटली. मी परस्पर नाही म्हणून सांगितलं, खोटी तारीखही सांगितली. मग आपलं चुकलं हे कळूनसुद्धा तीन तास तिला तिथं बसवून ठेवलं, ते माझं तोंड वाचवायला. ही बोलली असती तर मला खोटं पाडल्यासारखं झालं असतं, म्हणून ती बोलली नाही. तसं वागायला आपणच शिकवलंय तिला."

धाकट्याला आधी काही उमजलंच नाही. तो दादांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूहळू उमजलं, तसा चेहऱ्याचा रंग पालटला, जबडा आवळला गेला. आणि दादांना जे होऊ नये वाटत होतं तेच झालं. भावाची मान वळली, खाटेकडे.

"तिच्याकडे काय बघतोस?" दादा म्हणाले. "इकडे बघ. माझ्याकडे."